भंगारात घालण्याआधी नंबर वाचा

राजूर म्हणजे कोळसा आणि चुना. कॉलरीच्या पाळीला सायकलवर जाणाऱ्यांच्या पिढ्या इथे होऊन गेल्या. 1973 मध्ये खाणी सरकारजमा झाल्या, त्याआधीची एखादी काळी सायकल अजूनही कुणाच्या ओसरीत किंवा गोठ्यात टेकून ठेवलेली असेल. दिवाळीच्या साफसफाईत अशी सायकल किलोच्या भावाने भंगारवाल्याच्या गाडीवर चढते. ती कुठली आणि कोणत्या सालातली, हे घरात कुणीच विचारत नाही, याचे फार वाईट वाटते.

कारण सायकलचे साल काढता येते. अमेरिकेत ‘श्विन’ या सायकल कंपनीच्या 1948 पूर्वीच्या फ्रेम-नंबरांच्या नोंदी कारखान्याच्या आगीत गेल्या, तरी तिथले संग्राहक थांबले नाहीत. ते सुट्या भागांवरून काळ बांधतात. श्विनने फुगीर बलून टायर 1933 मध्ये आणले. मूळ चाके त्या मापाची असतील, तर ती सायकल त्याआधीची असूच शकत नाही.

आपल्याकडे मुख्यतः रॅले, हर्क्युलस, बीएसए या विलायती सायकली आल्या. पण हँडलखालची नावाची पट्टी पाहून ‘इंग्लंडची’ म्हणून मोकळे होऊ नये. 1950 च्या दशकात हर्क्युलस मद्रासला आणि रॅले आसनसोलला तयार होऊ लागली. नाव तेच, कारखाना वेगळा. म्हणून ‘नॉटिंगहॅम’ किंवा ‘मेड इन इंग्लंड’ ही अक्षरे शोधायची. मागच्या चाकात स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब असेल, तर त्याच्या कवचावर बहुधा सालाचे आकडे ठोकलेले सापडतात. अर्थात चाक बदललेले असू शकते, तेव्हा ते साल हबचे. सायकलचे ठरवायला फ्रेमचा नंबरही पाहावा लागतो. तो सीटच्या नळीवर किंवा पायडलच्या ॲक्सलखाली असतो. रॉकेलच्या फडक्याने चिखल-ग्रीस पुसा, वर पातळ कागद धरा आणि पेन्सिल आडवी घासा. डोळ्यांना न दिसणारा आकडा कागदावर उमटतो. पॉलिश पेपर मात्र लावू नका, त्याने उथळ ठसा कायमचा जातो. नवा रंग मारण्याची घाईही तितकीच घातक.

आणखी एक पुरावा आपल्या हातचा आहे: सायकल-कराचा बिल्ला. नगरपालिका दरवर्षी कर घेऊन सालाचा पत्र्याचा किंवा पितळी बिल्ला देत. त्यावरून सायकल बनल्याचे साल कळत नसले, तरी त्या साली ती कोणत्या गावच्या रस्त्यावर होती हे पक्के कळते. असा पुरावा कोणत्याही कंपनीच्या कॅटलॉगमध्ये मिळणार नाही.

पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी स्वतःच्या हिमतीवर सायकलींचे संग्रहालय उभे केले. कोळशाच्या पट्ट्यातही शाळेत किंवा वाचनालयात एक खोली निघायला हरकत नाही. ती निघेल तेव्हा निघेल. तोवर आजोबांची सायकल विकण्यापूर्वी फ्रेमचा नंबर, हबचा आकडा, बिल्ल्याचे साल आणि ती कोण, कुठल्या खाणीवर नेत असे, एवढे वहीत लिहून ठेवा, आणि बिल्ला काढून घरीच ठेवा.