जीनगराचा हुन्नर

निरुपयोगी भरण्यास 'खोगीरभरती' म्हणण्याचा प्रघात मराठीत फार जुना आहे. ज्याने खोगीर कधी शिवले नाही, त्यानेच हा शब्द रूढ केला असावा, असे आम्हांस वाटते. खोगिरातील भरती कमीअधिक झाली की स्वाराचा भार घोड्याच्या कण्यावर येतो, पाठ सोलवटते आणि उमदे जनावर निकामी होते. कण्यास मोकळीक ठेवून दोन्ही बाजूंस भार सारखा वाटून देणे, हीच जीनगराची खरी विद्या. अशा कामास भाषेने व्यर्थतेचे नाव दिले. आणि चामड्यात राबणाऱ्या हातांस समाजाने दिलेली वागणूक तर याहूनही वाईट होती.

आपल्या नगरास घोडा परका नाही. १४९० साली अहमद निजामशहाने हे शहर वसविले. पुढे मलिक अंबराच्या चपळ स्वारांनी मोगल फौजांस जेरीस आणले. भीमाकाठची तट्टे तर मराठ्यांच्या मोहिमांत नावाजली गेली. जेथे घोडा तेथे जीनगर, हे ओघानेच आले. परंतु १९३८ पासून हिंदी घोडदळाच्या पलटणी यंत्रवाहनांवर चढू लागल्या, आणि १९४८ साली येथे चिलखती दलाचे केंद्र व शाळा उभी राहिली. १९९४ पासून येथील संग्रहालयात रणगाडे पाहावयास विद्यार्थी जातात. पण रणगाड्यांपूर्वीच्या स्वारांची खोगिरे कोणी शिवली, हे सहसा कोणी विचारीत नाही. घोडे कमी झाले तशी महाराष्ट्रातील पुष्कळ जीनगर घराणी पितळकाम, मूर्तिकाम, चित्रकाम व पुस्तकबांधणी यांकडे वळली.

तथापि घोड्याबरोबर हुन्नरही संपला असे नव्हे. खोगिराची शिवणच पाहा. मेण लावलेल्या एकाच दोऱ्याच्या दोन टोकांस दोन सुया ओवावयाच्या, आणि आरीने पाडलेल्या प्रत्येक भोकातून त्या समोरासमोरून पार करावयाच्या. एक टाका झिजून तुटला तरी शेजारचे टाके धरून राहतात. यंत्राच्या शिवणीत मात्र एक तुटला की ओळ उसवू लागते. म्हणूनच चांगले खोगीर टाकून द्यावे लागत नाही. तंग बदलावा, गोळा झालेली लोकर पिंजून पुन्हा भरावी, कोरड्या चामड्यास तेल द्यावे, की ते पुन्हा कामास येते. पिशवी, पट्टा व दप्तर यांसही हीच शिवण चालते. कानपूरच्या खोगिरांस तर भौगोलिक मानांकन मिळाले असून ती परदेशी जातात.

यावर पालक म्हणतील, "मुलाने शिकूनसवरून चामडेच हाती धरावयाचे काय?" ज्यांच्या वाडवडिलांवर हे काम जन्माने लादले गेले, त्यांनी हा प्रश्न केला तर आम्ही निरुत्तर आहो. डॉ. आंबेडकरांनी मेलेली गुरे ओढण्याची सक्ती झुगारून देण्यास आपल्या बांधवांस सांगितले, ते सर्वथा योग्य होते. त्यांच्या मुलांनी मागे फिरावे असे आमचे म्हणणे मुळीच नाही. आमचे म्हणणे उलट आहे: ज्या घरांनी चामड्यास आजवर विटाळ मानला, त्या घरांतील मुलांनी आरी आधी हाती धरावी. जो धंदा सर्वांस खुला नाही त्यास प्रतिष्ठा येत नाही; आणि प्रतिष्ठेवाचून हुन्नर टिकत नाही.

संत पौलाने तंबू शिवून आपला निर्वाह केला. संत रोहिदासांनी जोडे शिवता शिवता भक्ती केली. १८०५ साली मराठी भाषेचे व्याकरण छापणारे विल्यम केरी हे मूळचे चांभारकाम करणारे गृहस्थ. याच नगरात अमेरिकन मराठी मिशनने सर दिनशा पेटिट यांच्या नावाची औद्योगिक कलाशाळा चालविली, तीही हात व बुद्धी यांची फारकत होऊ नये याच हेतूने. अशा भूमीत वाढणाऱ्या मुलास आरी धरता येऊ नये, ही शोभणारी गोष्ट नव्हे.

म्हणून आमची सूचना एवढीच की, प्रत्येक शाळेने आठवड्यास एक तास चामड्याच्या शिवणीस द्यावा, जाणत्या कारागिरास गुरुजी म्हणून मानाने बोलवावे व त्यास योग्य वेतन द्यावे. पालकांनीही आपल्या पाल्याचे फाटलेले दप्तर फेकून न देता ते त्यालाच शिवू द्यावे. सरळ टाका घालण्यास किती अवधान लागते हे ज्या मुलास कळले, तो पुढे वकील होवो वा डॉक्टर, टाका घालणाऱ्या माणसास कधी हलका लेखणार नाही.