नगवार नोंदीचा आग्रह

व्हिडिओ गेमचा संग्रह शे-दीडशे नगांच्या पुढे गेला म्हणजे संग्राहकाची स्मृती अपुरी पडू लागते, एकच डिस्क दोनदा खरेदी होते, उसनी दिलेली कॅसेट कोणाकडे गेली याचा थांग लागत नाही, आणि मग घाईघाईने खेळांच्या नावांची एक वर्णानुक्रमी यादी करून कर्तव्य संपले असे मानण्याकडे मनाचा कल होतो. अशा याद्या करणाऱ्यांच्या परिश्रमांविषयी पूर्ण आदर बाळगूनही आम्हांस हे सांगणे अगत्याचे वाटते की, खेळाचे नाव हा नोंदीचा पाया होऊ शकत नाही. नोंद करावयाची ती हाती असलेल्या प्रत्यक्ष नगाची.

'ग्रँड थेफ्ट ऑटो : सॅन अँड्रियास' हा प्लेस्टेशन टूवरील खेळ ऑक्टोबर २००४ मध्ये प्रसिद्ध झाला, पुढील वर्षी त्यात दडलेला एक अश्लील भाग उघडकीस आला, जुलै २००५ मध्ये अमेरिकेच्या मानांकन मंडळाने त्याची वर्गवारी बदलून त्याला केवळ प्रौढांसाठी ठरवले, आणि प्रकाशकाने तो भाग वगळून नवी आवृत्ती काढली. आज या दोन डिस्का शेजारी ठेवल्या तर नाव एकच दिसते, परंतु अभ्यासकाच्या दृष्टीने त्या दोन भिन्न वस्तू होत. ज्याच्या यादीत केवळ नाव आहे त्याला आपल्याजवळ कोणती आहे हे कपाट उघडल्याखेरीज सांगता येणार नाही.

म्हणून प्रथम दाखल नोंदवही. वस्तू ज्या क्रमाने आली त्या क्रमाने तिला अनुक्रमांक द्यावा, आणि तो क्रमांक लेबलावर लिहू वा चिकटवू न देता बाहेरील पारदर्शक पिशवीवर घालावा. त्यानंतर कन्सोल, प्रदेश आणि निर्मात्याचा सांकेतिक क्रमांक: प्लेस्टेशनच्या डिस्कवर 'एसएलयूएस' असेल तर ती अमेरिकेसाठी, 'एसएलईएस' असेल तर युरोपसाठी, 'एसएलपीएम' असेल तर जपानसाठी काढलेली, इतका बोध त्या चार अक्षरांतून होतो. खोका, पुस्तिका व डिस्क यांपैकी काय आहे आणि काय गहाळ आहे, खरेदीची तारीख व किंमत, कोणत्या कप्प्यात ठेवली, कोणास दिली, हे सर्व रकाने असावेत. आणि शेवटी शेऱ्याचा रकाना ऐसपैस ठेवावा, कारण वस्तूचा खरा इतिहास तेथेच उतरतो. 'पोकेमॉन गोल्ड' आणि 'सिल्व्हर' या १९९९ च्या कॅसेटींत घड्याळ अहोरात्र चालू असल्यामुळे आतील बॅटरी लवकर क्षीण होते व ती संपताच राखलेला खेळ पुसला जातो. बॅटरी मूळची की बदललेली, बदलली तर केव्हा, हे शेऱ्यात नसेल तर पुढील मालकास ते कोठून कळावे? वर्षातून एकदा रुजवात घालावी, तीही दोन्ही अंगांनी: वहीवरून कपाट आणि कपाटावरून वही.

मोबीगेम्ससारखी १९९९ पासून चालत आलेली सूची, किंवा डिस्कमधील मजकुराची गणिती खूण जतन करणारा रेडंप हा प्रकल्प, यांचा आधार अवश्य घ्यावा. परंतु आपल्याकडे घरोघर खेळल्या गेलेल्या, फॅमिकॉमच्या नकलेवर चालणाऱ्या साठ पिनांच्या कॅसेटींपुढे ही साधने बव्हंशी थिटी पडतात. लेबलावर 'नऊ हजार नऊशे नव्याण्णव खेळ' अशी घोषणा, आत 'मारिओ', 'कॉन्ट्रा' इत्यादी मोजके खेळ सुरुवातीचा टप्पा तेवढा बदलून पुनःपुन्हा मांडलेले, आणि निर्मात्याचे नाव कोठेच नाही! अशा कॅसेटीच्या नोंदीत लेबलावरील दावा आणि यादी तपासून निघालेल्या भिन्न खेळांची वास्तविक संख्या या दोन्ही बाबी वेगळ्या लिहाव्यात. या मालाला कोणी तुच्छ लेखू नये. जपानच्या राष्ट्रीय संसद ग्रंथालयाकडे ऑक्टोबर २००० पासून खोक्यातून विकले जाणारे व्हिडिओ गेमही कायद्याने जमा होतात. आपला १९५४ चा कायदा ग्रंथ व वृत्तपत्रे यांपुरताच आहे. हैदराबादेत घडलेला आणि २००९ मध्ये प्लेस्टेशन टूवर आलेला 'हनुमान : बॉय वॉरियर' हा खेळदेखील अशा कायद्याच्या छत्राबाहेरच राहिला. तेव्हा या भूमीवरील खेळांचे दप्तर तूर्त खासगी संग्राहकांच्याच हाती आहे.

ऑनलाइन विकत घेतलेल्या खेळांसाठी मात्र स्वतंत्र वही घालावी, कारण तेथे हाती येतो तो परवाना. २७ मार्च २०२३ रोजी निन्टेंडोने थ्रीडीएस व वी यू या यंत्रांवरील विक्री बंद केली, तेव्हापासून तेथील नवी खरेदी संपली. म्हणून खाते, खरेदीची तारीख आणि खेळ कोणत्या यंत्रावर उतरवून ठेवला आहे, हे तीन तपशील पुरेसे स्पष्ट असावेत.

आमच्या वाचकांपैकी ज्यांच्याकडे बिननावाच्या कॅसेटी आहेत त्यांनी लेबलाचे छायाचित्र, कवच उघडता आल्यास आतील पट्टीच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे, आणि कॅसेट कोणत्या गावी, साधारण कोणत्या वर्षी घेतली याची माहिती आमच्याकडे धाडावी. दिवाळी अंकापासून त्या नोंदी क्रमाने छापण्याचा आमचा मानस आहे.