गोंगाट म्हणून सोडून देऊ नका

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. आपल्या पिढीची एक कायमची तक्रार असते की तरुणांना पुराणं माहीत नाहीत, दिवसभर कानात बोळे घालून परदेशी गोंगाट ऐकतात. मग मला सांगा, मुंबईच्या एका बँडने मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांवर दहा गाणी केली, ती आपल्यापैकी कितीजणांनी ऐकली?

बँडचं नाव डेमॉनिक रिझरेक्शन. साहिल माखिजा या तरुणाने तो २००० साली सुरू केला. सिंफनिक ब्लॅक मेटल आणि डेथ मेटल यांची ही सरमिसळ आहे. म्हणजे घशातून गुरगुरत येणारे शब्द, धो धो पावसासारखे ड्रम आणि मागे कीबोर्डवर उभा केलेला वाद्यवृंद. २०१० साली इंग्लंडच्या 'मेटल हॅमर' मासिकाने त्यांना पुरस्कार दिला. २०१७ साली त्यांचा 'दशावतार' आला. अवतारांवरचा त्यांचा हा एकमेव अल्बम. मराठी घरांत मात्र त्याची कुणी दखल घेतल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

"अहो, पण हे कानाला सहन होत नाही!" मान्य. पण गणपतीच्या मिरवणुकीत खिडक्यांच्या काचा थरथरवणारा डीजे आपण मुकाट्याने सहन करतोच ना? आणि खांब फोडून बाहेर आलेला नृसिंह काय भावगीताच्या आवाजात बोलेल? शेजारच्या परभणी जिल्ह्यात पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनाला जाणाऱ्यांनी तरी उग्र रूपाला नाक मुरडू नये. कोकणातल्या दशावतारी नाटकात राक्षस आरोळी ठोकतो, तेव्हा आपण तिला लोककला म्हणतो. तीच आरोळी इलेक्ट्रिक गिटारबरोबर आली की गोंगाट! हा न्याय मला पटत नाही.

हे संगीत वाढलं १९९०च्या दशकातल्या नॉर्वेत. तिथल्या काही तरुणांनी ते थेट ख्रिस्ती धर्माच्या विरोधात वापरलं, काहींनी तर चर्चही जाळली. तोच बाज मुंबईच्या पोरांनी घेतला आणि त्यात अवतारकथा बसवल्या. शब्द इंग्रजी आहेत हे खरं. पण उसनं भांडं आणून त्यात घरचं वरण शिजवलं, म्हणून वरण परकं होत नाही.

आता माझं खरं भांडण. त्यांचा नववा अवतार बुद्ध आहे आणि त्या गाण्याच्या नावात त्याला 'शिक्षक' म्हटलंय. जन्मभर खडू धरलेल्या माणसाला हा शब्द आवडणारच. पण बुद्ध विष्णूचा अवतार, हे मला मान्य नाही. बाराव्या शतकातल्या जयदेवाने त्याला दहांत बसवलं, हे ठाऊक आहे. पण आपल्याकडच्या कितीतरी जुन्या चित्रांत नवव्या जागी विठ्ठल असतो, हेही तितकंच खरं. आणि १९५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत, बुद्ध हा विष्णूचा अवतार असल्याचं मी मानणार नाही, अशी स्पष्ट प्रतिज्ञा आहे. माझ्या वर्गात बसलेल्या कितीतरी मुलांच्या घरी ती प्रतिज्ञा जगली गेली. मुंबईत गाणं करताना हा प्रश्न मनात आला नाही तरी चालत असेल. हिंगोली जिल्ह्यात राहून तो टाळता येत नाही.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. हा वाद मी घालू शकतो, कारण मी गाणी ऐकली. जुनी यादी आहे तशी का उचललीत, विठोबाला का वगळलंत, बुद्धाला त्याच्या अनुयायांच्या नजरेतून का पाहिलं नाहीत, हे प्रश्न त्या पोरांना विचारण्यासारखे आहेत. "बंद कर तो गोंगाट" हा प्रश्न नाही. ते नुसतं दार लावून घेणं आहे.

नातवंडं काय ऐकतात हे विचारायला आपण जात नाही आणि मग म्हणतो, त्यांना आपल्या गोष्टी नकोत. त्यांनी तर दहाच्या दहा घेतल्या! आवडल्या नाहीत तर भांडा, जरूर भांडा. पण आधी ऐका.