‘छातीला मार’ एवढ्या नोंदीने काय साधणार?

पुणे-बेंगळुरू महामार्गावर अथवा ऊसहंगामात गावोगावच्या रस्त्यांवर अपघात झाला, की कोल्हापूर जिल्ह्यातील अनेक गंभीर जखमींना छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, म्हणजेच ‘सीपीआर’मध्ये हलविले जाते. कोणत्याही अपघात विभागात प्राण वाचविणे हेच पहिले कर्तव्य, कागदपत्रे नंतर. त्या धावपळीत निदानाच्या रकान्यात ‘छातीला मार’ एवढेच लिहिले गेले, तर मोठी माहिती हरवते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत हृदयाच्या इजेसाठी ‘एस २६’, तर फुफ्फुसासह छातीतील अन्य अवयवांसाठी ‘एस २७’ हा संकेतांक आहे. मार लागून फुफ्फुसाभोवती हवा साठल्यास ‘एस २७.०’, रक्त साठल्यास ‘एस २७.१’. मोघम नोंद मात्र ‘एस २९.९’ या अनिर्दिष्ट गटात जाते.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. अपघाती मृत्यूचे मूळ कारण म्हणून इजा नव्हे, तर अपघाताचे स्वरूप धरले जाते. मृत दुचाकीस्वार होता की पादचारी, धडक कशाशी झाली, हे प्रमाणपत्रात नसेल, तर हेल्मेटसक्ती अथवा ट्रॉलींना रिफ्लेक्टर यांसारख्या उपायांना आकड्यांचा आधार मिळणार कसा? देशात २०२० मध्ये नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्के मृत्यूंचेच कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित होते.

वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. तथापि, आवृत्ती कोणतीही असो, संकेतांक देणाऱ्याला आधार डॉक्टरांच्या शब्दांचाच असतो. ते शब्द नेमके नसतील, तर उपचार झाले तरी त्यातून पुढचा अपघात टाळण्याचा धडा मिळणार नाही.