स्वतःच्याच कंपनीतून पैसे घ्यायचे, तर पगार की लाभांश?

२०२५ च्या अर्थसंकल्पाने नव्या करप्रणालीत १२ लाख रुपयांपर्यंतच्या उत्पन्नावरचा कर शून्य केला. पगारदारांना ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळते, त्यामुळे त्यांच्यासाठी ही मर्यादा पावणेतेरा लाखांवर जाते. या घोषणेची चर्चा झाली ती नोकरदारांच्या अंगाने. पण प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढून स्वतःच तिचे संचालक झालेल्या लघुउद्योजकांसाठीही ती तितकीच महत्त्वाची आहे. कारण कायद्याच्या नजरेत कंपनीकडून पगार घेणारा मालकही पगारदारच.

दोन्हींत फरक काय?

पगार हा कंपनीचा खर्च असतो. तो नफ्यातून आधीच वजा होतो, त्यामुळे त्या रकमेवर कंपनीला कर लागत नाही. कर भरतो तो फक्त पगार घेणारा.

लाभांश म्हणजे डिव्हिडंड. कंपनीने कर भरल्यावर उरलेल्या नफ्यातून तो दिला जातो आणि भागधारकाच्या उत्पन्नात धरला जाऊन त्यावर पुन्हा कर लागतो.

मार्च २०२० पर्यंत चित्र वेगळं होतं. कंपनी लाभांश वितरण कर भरायची आणि भागधारकाच्या हातात वर्षाला १० लाखांपर्यंतचा लाभांश करमुक्त असायचा. १ एप्रिल २०२० पासून ही पद्धत बंद झाली. ‘पगार कमी दाखवा, लाभांश घ्या’ हा सल्ला मात्र अजून फिरतो आहे.

आकडे काय सांगतात?

समजा, मालकाचा मोबदला धरण्याआधी कंपनीचा नफा २० लाख रुपये आहे. कंपनीने २२ टक्क्यांचा सवलतीचा दर निवडला आहे. अधिभार आणि उपकर धरून तो २५.१७ टक्के होतो. मालक नव्या करप्रणालीत आहे आणि त्याला दुसरं उत्पन्न नाही.

• सगळे २० लाख पगार म्हणून घेतले, तर एकूण कर सुमारे १ लाख ९२ हजार.
• सगळा नफा लाभांश म्हणून घेतला, तर कंपनीचा कर ५ लाख ३ हजार आणि मालकाचा १ लाख ९ हजार. एकूण ६ लाख १२ हजार.
• पावणेतेरा लाख पगार आणि उरलेल्या नफ्याचा लाभांश घेतला, तर एकूण ३ लाख ३७ हजार.

म्हणजे एकाच नफ्यावर सव्वाचार लाखांपर्यंतचा फरक पडतो.

मग लाभांश कशासाठी?

कंपनीत काम न करणारा भाऊ किंवा गुंतवणूकदार भागधारक असेल, तर नफ्यातला वाटा त्याला लाभांशानेच मिळतो. तो मालकीच्या प्रमाणात सगळ्यांना द्यावा लागतो, एकट्यापुरता काढता येत नाही.

पैसे लगेच घरी नको असतील, तर तिसरा पर्यायही आहे : नफा कंपनीतच ठेवणं. वर्षाला २४ लाखांवरच्या करपात्र उत्पन्नावर मालकाला उपकरासह ३१.२ टक्के कर लागतो, कंपनीला २५.१७ टक्के. नवं यंत्र घ्यायचं असेल किंवा खेळतं भांडवल हवं असेल, तर हा फरक कामी येतो. पण तेच पैसे पुढे लाभांश म्हणून काढले, तर दोन्ही कर मिळून बोजा साडेअठ्ठेचाळीस टक्क्यांवर जातो.

सावधगिरी कुठे?

पगार कामाच्या मानाने वाजवी हवा. अवाजवी वाटलेला भाग खर्च म्हणून नामंजूर करण्याचा अधिकार आयकर अधिकाऱ्याला आहे. पत्नीच्या नावे पगार दाखवताना तिचं प्रत्यक्ष काम आणि त्यासाठीची पात्रता दाखवता आली नाही, तर ते उत्पन्न पतीच्याच खात्यात धरलं जाऊ शकतं.

सर्वांत महागात पडते ती वेगळीच सवय. अनेक मालक ना पगार ठरवतात, ना लाभांश जाहीर करतात; घरखर्चाला लागतील तसे कंपनीच्या खात्यातून पैसे उचलतात आणि वर्षअखेरीस ते ‘कर्ज’ म्हणून दाखवतात. १० टक्के किंवा त्याहून जास्त मताधिकार असलेल्या भागधारकाने घेतलेली अशी उचल, कंपनीच्या साठलेल्या नफ्याच्या मर्यादेपर्यंत, लाभांशच मानली जाते. त्यावर कर लागतो आणि पुढे पैसे परत केले तरी तो टळत नाही.

म्हणून हा निर्णय मार्चमध्ये हिशेब जुळवताना नव्हे, तर एप्रिलमध्ये वर्ष सुरू होतानाच घ्यायला हवा. संचालक मंडळाचा ठराव करायचा, दरमहा पगार बँकेतून घ्यायचा आणि त्यावरचा टीडीएस वेळेत भरायचा. गृहकर्जासाठी बँकेने उत्पन्नाचा पुरावा मागितला, तर हीच कागदपत्रं उपयोगी पडतात.