शक्तीचा तराजू

पावसाळ्यात आपल्या भाईंदरच्या रस्त्यावर सायकलचा सराव म्हणजे खड्ड्यांशी कुस्तीच! म्हणून मी घरातच रोलरवर सायकल चालवतो. मागच्या चाकाखाली दोन दंडगोल, पुढच्याखाली एक. सायकल जागची हलत नाही, घाम मात्र खरा गळतो. पण शक्ती वाढली, हे ओळखायचे कसे?

पायडलमागची शक्ती वॅटमध्ये मोजणारे यंत्र बनवण्यासाठी उलरिच शोबरर यांनी १९८६ साली जर्मनीत कंपनी काढली. अशी यंत्रे आजही महागच आहेत. सायकलवरून पाव विकून माझी फी भरणाऱ्या वडिलांकडे ते मागणे मला पटत नाही.

आणि माझ्या मते त्यावाचून अडतही नाही. रोलरवर ना समोरचा वारा, ना चढ. विरोध मुख्यतः टायर दंडगोलावर दबत फिरण्याचा. टायरमधली हवा, सायकल आणि स्वाराचे वजन कायम ठेवले, तर वाढलेला वेग म्हणजे वाढलेली शक्ती. हवा कमी भरली, तर तीच शक्ती कमी वेग दाखवील, एवढे ध्यानात ठेवावे.

यातून नेमके वॅट कळणार नाहीत, इतरांशी तुलनाही होणार नाही. पण कालच्या स्वतःशी होईल. जिमखान्याने एक रोलर, वेगमापक आणि काट्याचा पंप ठेवला, तर गरिबाच्या मुलालाही आपली शक्ती तोलता येईल.