अंधाराचीही जपणूक हवी

विद्येचे माहेरघर म्हणवून घेण्याची पुण्यास हौस आहे. परंतु विद्येची साधने सांभाळण्याची दक्षता आपण तितकीच दाखवितो काय, हा प्रश्न आज विचारणे प्राप्त आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथील सायन्स कॉलेजात प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीच्या आधाराने वेधशाळा उभारली. तिच्यातील 20 इंची दुर्बीण त्या काळी हिंदुस्थानातील सर्वांत मोठी होती. 1912 साली नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळेस टाळे लागले आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली.

त्यानंतर पुणे जिल्ह्यास तोलामोलाची दुर्बीण मिळावयास 2006 साल उजाडावे लागले. 1988 साली डॉ. जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली स्थापन झालेल्या ‘आयुका’ने आंबेगाव तालुक्यातील गिरवलीच्या डोंगरावर 2 मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण उभी केली. माणसाच्या डोळ्याच्या सुमारे 80 हजार पट प्रकाश हा आरसा गोळा करतो. पावसाळ्याचे महिने सोडले तर देशभरच्या विद्यापीठांतील संशोधकांना आकाशाचे वेध घेता यावेत, हा तिचा हेतू.

परंतु आरसा केवळ ताऱ्यांचाच प्रकाश गोळा करीत नाही. वर फेकलेला दिव्यांचा उजेड हवेतील धूलिकणांवरून पसरतो आणि अंधुक तारका त्यात बुडून जातात. हा उजेड किती दूर जातो हे पाहावयाचे असेल, तर सोलापूर रस्त्यावरील वरवंड गाठावे. पुणे तेथून 50हून अधिक किलोमीटर दूर. तरी रात्री शिवारात उभे राहून पश्चिमेकडे पाहिल्यास शहराची फिकट आभा क्षितिजावर दिसते. गिरवली पुण्याहून सुमारे 80 किलोमीटरवर आहे खरी. पण नाशिक रस्त्याच्या दुतर्फा वस्ती, कारखाने आणि जाहिरातींचे झगमगते फलक तिच्या दिशेने सरकत आहेत.

गिरवलीच्या शेतकऱ्याने विज्ञानासाठी काळोखात चाचपडावे, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. त्याच्या दारात दिवा हवाच. मात्र त्या दिव्याचा उजेड जमिनीवर पडावा, आभाळात नव्हे. दिव्यांवर झाकण, मंद पिवळसर प्रकाश आणि मध्यरात्रीनंतर जाहिरातफलक बंद, एवढीच ही मागणी आहे. तिने विजेचीही बचतच होईल.

हे अशक्य नाही. लडाखमधील हान्ले येथील दुर्बीणही 2 मीटरचीच आहे. तिच्या भोवतालचा प्रदेश 2022 साली ‘काळोखाचे अभयारण्य’ म्हणून राखण्यात आला आणि पर्यटकांना आकाश दाखविण्याचे काम तेथील गावकऱ्यांना मिळाले. खुद्द महाराष्ट्रात पेंच व्याघ्रप्रकल्पास 2024 साली असाच दर्जा लाभला. जे वाघांच्या वनात साधले, ते दुर्बिणीच्या डोंगरावर का साधू नये?

राज्य सरकारने व जिल्हा परिषदेने ग्रामपंचायतींना विश्वासात घेऊन गिरवलीभोवती असे क्षेत्र घोषित करावे, आणि त्या भागातील शाळांच्या मुलांना वर्षातून एकदा तरी आकाशदर्शनाची संधी द्यावी. पुणेकरांनीही आपल्या गच्चीवरील व गृहसंकुलांतील दिव्यांची तोंडे खाली वळवावीत. 1912 साली दुर्बीण पुण्यातून गेली. आता दुर्बीण जागच्या जागी राहून आकाशच हरवले, तर तो दोष आपणा सर्वांचा असेल.